फावल्या वेळचे विणकाम : उरल्यासुरल्या लोकरीची काकणे



थंडीचे स्वेटर विणून झाले की घरोघरी एक पिशवी मागे उरते. धाकट्याच्या स्वेटरची निळी, बाळाच्या टोपड्याची गुलाबी, ह्यांच्या मफलरची राखाडी आणि कुणासाठी म्हणून आणली होती ते आता आठवतही नाही अशी एक मोरपंखी. गुंडे इतके लहान, की त्यात बाळाचा एक मोजासुद्धा होणार नाही. आणि टाकून द्यायला तर हात धजत नाही. मग ती पिशवी कपाटाच्या तळाशी जाते, तिथून माळ्यावर, आणि लोकर खरी असेल तर माळ्यावरून कसरीच्या पोटात.

या लोकरीचे काय करावे, हा आपल्या पत्रांतला नेहमीचा प्रश्न. चौकोन विणून ते जोडायचे आणि त्याचे पांघरूण करायचे, हे उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. छान दिसते, पण त्याला चिकाटी लागते, आणि अर्ध्यावर सोडलेल्या चौकोनांची आणखी एक पिशवी तयार होते! म्हणून आज अगदी मनगटापुरतेच विणू या. लोकरीचे काकण. एका काकणाला जेमतेम तीन ग्रॅम लोकर पुरते आणि दुपारचे जेवण आटोपल्यापासून मुले शाळेतून येईपर्यंत हातातले काम संपते.

"लोकरीचे काकण कोण घालणार?" असे मनात आले असेल. काचेची बांगडी जिथे जात नाही त्या मनगटांचा जरा विचार करा. शाळेत काचेच्या बांगड्या चालत नाहीत म्हणून हिरमुसलेली मुलगी. हात बारीक झालेल्या, कातडी इतकी नाजूक झालेल्या आजी, की बांगडी जरा आपटली तरी काळेनिळे होते. बाळंतीण, जिच्या किणकिणाटाने नुकते झोपलेले बाळ दचकते. आणि आणखीही एक मनगट आहे, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. आधी सुया हातात घेऊ.

लोकर आहे की ॲक्रिलिक, हे प्रथम पाहून घ्या. दुकानात आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण हल्ली मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते. इंचभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत, पाण्याजवळ, काडीने पेटवून बघा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक भसकन पेटते, वितळते आणि त्याचा टणक काळा मणी होतो. (मणी गार होईपर्यंत हात लावू नका.) दोन्हींची काकणे छान होतात, पण एकाच काकणात दोन्ही घालू नयेत. गरम पाण्यात खरी लोकर आटते, ॲक्रिलिक आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात काकणाला चुण्या पडतात.

जुना स्वेटर उसवून काढलेली लोकरही चालते. उसवताना जिथे विणकाम संपले होते त्या टोकाकडून, म्हणजे टाके बंद केले होते तिथून सुरुवात करावी, म्हणजे धागा सरसर सुटतो. उलट्या बाजूने गेलात तर प्रत्येक टाक्याला अडते. निघालेली लोकर नूडल्ससारखी वळलेली असते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून पिळ न घालता वाळत टाका आणि खाली एखादा हलकासा गडू अडकवा. वाळेपर्यंत धागा सरळ होतो.

आता लोकर पुरेल का, याचा हिशोब. एक ओळ विणायला पट्टीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा जातो. आपली पट्टी तीन सेंटिमीटर रुंद आणि चौऱ्याऐंशी ओळींची. म्हणजे शिवायच्या टोकांसकट नऊ-दहा वार झाले. वार मोजायला टेप शोधत बसू नका. जुने कापडवाले मोजायचे तसे नाकाच्या शेंड्यापासून हात लांब करून बोटांच्या टोकापर्यंत धरा, की झाला एक वार. दहा वेळा धागा ओढून बघा. पुरत नसेल तर दोन रंग घ्या. तेच जास्त खुलते, असे माझे मत.

पट्टी अशी विणायची. चार पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. हात सैल असेल तर ११ नंबर. वीतभर शेपूट सोडून सुईवर ८ टाके घाला.

१ ली ते ४ थी ओळ : सर्व सुलट.
५ वी ओळ : ३ सुलट, लोकर पुढे घेऊन २ टाके एकत्र सुलट, ३ सुलट.
६ वी ओळ : सर्व सुलट.

या सहा ओळींचा एक भाग. असे १४ भाग विणले की साधारण सोळा सेंटिमीटरची पट्टी होते. ओळी मोजण्यापेक्षा पट्टी मनगटाभोवती धरून पाहावी. टोकाला टोक जेमतेम भिडले की पुरे. सुलट ओळींची ही वीण लांबीत चांगली ताणते, त्यामुळे मनगटाच्या मापाची असूनही ती पंजावरून चढते. टाके सैल बंद करा, सोडलेले शेपूट मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवा आणि दोन्ही टोके जोडून टाका.

मधोमध ओळीने भोके पडलेली दिसतील. त्यातून अरुंद साटिनची फीत एकदा वर, एकदा खाली अशी ओवा. भोकांची संख्या सम ठेवायची, म्हणजे फितीची दोन्ही टोके एकाच बाजूला येतात आणि फुलगाठ बाहेर बसते. १४ भाग सांगितले ते यासाठीच. मोठ्या मनगटाला १६ करा, लहान मुलीला १२. १३ किंवा १५ करू नका. रंग बदलायचा तर नेहमी सुलट्या बाजूच्या ओळीला, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ओळीला बदला. रंगांची सरमिसळ मागच्या बाजूला राहते आणि पुढून रेघ स्वच्छ दिसते. मध्येच धागा संपला तर ओळीच्या मध्यात गाठ मारू नये, ती मनगटाला टोचत राहते. थोडा धागा वाया गेला तरी चालेल, पण नवा रंग ओळीच्या टोकालाच जोडावा.

ज्यांना गोल, गोठासारखे काकण हवे, त्यांनी विणीच्या एका खोडीचा फायदा करून घ्यावा. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी पट्टी विणली की तिच्या कडा आपणहून मागे वळतात. स्वेटर विणताना याचा केवढा राग येतो! इथे मात्र तेच हवे आहे. ७ टाक्यांची पट्टी विणा, ती स्वतःच नळीसारखी होते. आत जुन्या परकराची सुती नाडी ठेवा आणि मागच्या कडा एकमेकींना शिवा. तार घालू नका, आज ना उद्या तिचे टोक बाहेर येतेच.

रंग उडालेली प्लॅस्टिकची कडीही अशाच पट्टीने मढवता येतात. एक सेंटिमीटर रुंद कड्याला ८ टाके पुरतात. पट्टी कड्याच्या बाहेरच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवा, म्हणजे ती ताणून घट्ट बसते. शिवण आतल्या अंगाला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. कासाराकडे आपण दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापे सांगतो, त्यातला दुसरा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा असतो. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. कडे मढवल्यावर लोकरीची जाडी आतूनही येते आणि तेवढे माप लहान होते. तेव्हा दोन-चारची बांगडी घालणारीने मढवण्यासाठी दोन-आठचे कडे घ्यावे. काचेची बांगडी मात्र कधीही मढवू नये. आत पिचली तर बाहेरून दिसत नाही, आणि काच विणीतून हळूच टोचते.

दोन-तीन वारांचेच तुकडे उरले असतील तर त्यांची तिपेडी वेणी घाला. वीत-दीड वीत लांबीचे नऊ धागे, एकेका पेडाला तीन. मुली हे काम हौसेने करतात, आणि विणताना आपल्याला कुणी हाका मारत नाही हा फायदा वेगळाच.

संक्रांतीसाठी एक खास प्रकार सांगते. काळ्या लोकरीची साधी सुलट पट्टी विणा आणि तिच्यावर पांढऱ्या लोकरीने गाठीचे टाके भरा, दाट, पण एकसारखे नकोत. लांबून अगदी हलवाच वाटतो! बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घातले की मूल पाचव्या मिनिटाला ते तोंडात घालते. मग दोरा ओढताना रडारड, आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मुंग्या. हे लोकरीचे हलव्याचे काकण पुढच्या वर्षी धाकट्या भावंडालाही होते. मात्र लहान बाळाच्या काकणाला मणी, बटण, फीत यांतले काहीही लावू नका. बाळ ओढते आणि गिळते. गाठीचे टाकेही ओढून पाहा, पक्के आहेत ना.

आणि आता त्या राहिलेल्या मनगटाबद्दल.

आपल्याकडे बांगडी ही नुसती बांगडी नसते. पूर्वी पत्राच्या मायन्यात सौभाग्यवतीला 'वज्रचुडेमंडित' लिहीत, आणि जिचा चुडा उतरला तिला 'गंगाभागीरथी'. बांगडी फुटली असेही आपण म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो; त्या शब्दाची भीती आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते, आणि त्याच घरातली एखादी जाऊ, नणंद, वहिनी किंवा आई स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळत असते. तिला कुणी हाकलून दिलेले नसते. तिची ती आत गेलेली असते, आणि कुणी तिला बाहेर बोलावलेले नसते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. एका खेड्याने हे सर्वांसमक्ष ठरवले, याचे मला फार कौतुक वाटते. पण आपल्या बैठकीच्या खोलीत ग्रामसभा भरत नाही. तिथे कुणाला वाण द्यायचे ते आपणच ठरवतो, आणि बहुतेकदा काही न ठरवताच जुने चालू ठेवतो.

लोकरीचे काकण इथे उपयोगी पडते, कारण ते चुड्यात मोडत नाही. त्याला ना कासार लागतो, ना मुहूर्त. ते फुटत नाही, फार तर उसवते, आणि उसवले तर त्याच लोकरीचे पुन्हा विणता येते. सासूबाईंना काच खटकेल, पण लोकरीबद्दल कोणत्याच पोथीत काही लिहिलेले नाही!

माझ्या माहितीतल्या एका घरी असेच झाले. थोरल्या सुनेने वाणासाठी पंचवीस काकणे विणली. धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली, वय चाळिशीच्या आतले, नोकरी करणारी. सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला? उगीच तिलाच वाईट वाटेल." यावर थोरलीने वाद घातला नाही. हळदीकुंकवाच्या आधी तीन दिवस, रात्री भांडी आवरताना तिने जावेपुढे लोकरीची पिशवी ओतली आणि विचारले, "यातला कुठला रंग घेऊ गं तुला?" जाऊ बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने जांभळा उचलला. समारंभाच्या दिवशी सगळ्यांबरोबर तिलाही पुडी मिळाली, पण तिने काकण घातले नाही, पर्समध्ये ठेवून दिले. महिन्याभराने एका सकाळी ऑफिसला निघताना ते तिच्या घड्याळाच्या हातात दिसले. घरात कुणी काही म्हटले नाही. सासूबाईंनीही नाही, त्या डब्याची पिशवी तिच्या हातात देत होत्या.

तुम्हीही असे करणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. काकण मनगटावर चढवायला जाऊ नका, हातात द्या. घालायचे की ठेवायचे ते तिचे तिला ठरवू द्या. चारचौघींत "बघा, मी हिलाही दिले" असे दाखवायचे तर मुळीच देऊ नका. सगळ्यांची काकणे एकाच प्रकारची असावीत, तिचे साधे आणि बाकीच्यांचे फितीचे असे नको. आधी रंग विचारावा. हिरवा तिने मागितला तर जरूर द्या, आपण होऊन हिरवाच पुढे करू नका. आणि आमंत्रण देताना "हळदीकुंकवाला या" ऐवजी "तिळगुळाला या" म्हणून पाहा. कितीतरी घरांत हल्ली असेच म्हणतात, आणि मग स्वयंपाकघरात लपायला कुणालाच जागा राहत नाही. एखादी तरीही आली नाही तर दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन तिच्या घरी जा, चहा प्या आणि या. काकणाचा विषयही काढू नका.

मनगट सुजत असेल, सांधे आखडलेले असतील किंवा हाताचे काही दुखणे असेल, तर गोल शिवलेले काकण देऊ नये. पट्टी दोन सेंटिमीटर जास्त विणून एका टोकाला लोकरीचा फास आणि दुसऱ्याला बटण लावा. बटणे थोड्या थोड्या अंतरावर दोन असावीत, म्हणजे सकाळी घट्ट आणि संध्याकाळी सैल करता येते. कुणाच्या हातावर शस्त्रक्रियेनंतर सूज असेल तर त्या हातात काहीच घालायला सांगू नका, दुसरा हात आहेच.

एक ताकीद सर्वांनाच. गॅसपाशी उभ्या राहिलात की काकण काढून ठेवायचे. काच तापते, ॲक्रिलिक मात्र पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. कणीक मळताना, भांडी घासतानाही ते नको. ओले काकण मनगटावर राहिले की खाज सुटते. फ्रीजच्या किंवा खिडकीच्या बाजूला एक खिळा ठोकून ठेवा आणि तिथे अडकवा. यंत्रावर काम करणारीने कामाच्या जागी ते घालूच नये.

धुणे सोपे आहे. पहिल्या खेपेला लाल, जांभळा, काळा असे गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा, रंग उतरत असेल तर वेगळे धुवा. गार पाण्यात केसांचा शांपू थोडासा घालून हलक्या हाताने दाबा, फडक्यात गुंडाळून पाणी टिपा आणि वाटीवर किंवा पेल्यावर चढवून सावलीत वाळवा. आकार छान राहतो. इस्त्री अजिबात नको. गरम इस्त्रीखाली ॲक्रिलिक असे लोळागोळा होते, की पुन्हा कधीच उठत नाही.

शेवटी सुईने आत ओवून कापलेली बोटबोटभर टोके उरतात. तीही टाकू नका. एका रिकाम्या बरणीत साठवत जा. बरणी भरली की सुती कापडाची छोटी पिशवी शिवून त्यात ती दाबून भरा, तोंड शिवून टाका. टाचण्या आणि सुया टोचायला मऊशार उशी तयार. पुढच्या आठवड्यात याच उशीला क्रोशाच्या सुईने झालर कशी लावायची ते पाहू.